वैष्णवी जेवायला लागली

वाटीत दोन चमचे दही होतं. वैष्णवी वीस मिनिटं त्याच्याकडे नुसती बघत बसली होती. मग तिने चमच्याच्या टोकावर उडदाच्या दाण्याएवढं दही घेतलं, जिभेवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मान ताठ झाली. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तिने रुमाल तोंडाशी नेला आणि ते दही त्यात काढून टाकलं.

"पायलं ना मॅडम?" तिची आई म्हणाली. "असंच करते. घास गियतच नाही. तीन महिने होऊन राह्यले."

मी वाशिमला सरकारी दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ आहे. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ करतात. माझं काम बोलायचं, ऐकायचं, चाचण्या घ्यायच्या आणि काही निवडक पेशंटवर संमोहन वापरायचं. संमोहनाचं रीतसर ट्रेनिंग मी घेतलेलं आहे. तरीही गावाकडून आलेले लोक मला हळूच विचारतात, "मॅडम, हे मोहिनी घालनं तुमी कुठं शिकल्या?"

वैष्णवी मेडशीची. वय सोळा, अकरावी सायन्स. वजन तेहतीस किलो. आई-वडील शेतकरी, सोयाबीन आणि तूर. आईचं नाव सुनीता. दोघी सकाळच्या एसटीने यायच्या आणि ओपीडी उघडायच्या आधीच बाहेर बाकावर बसलेल्या असायच्या.

आमच्याकडे यायच्या आधी अकोल्याला दुर्बिणीने घसा तपासून झाला होता. अन्ननलिकेचा फोटो काढून झाला होता. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. घशात काही नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. घरच्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की पोरगी नाटक करते.

नाटक नसतं ते. गिळण्याची भीती हा एक वेगळा आजार आहे, आमच्या भाषेत फॅगोफोबिया. घास अडकेल, श्वास कोंडेल आणि आपण मरू, असं त्या माणसाला खरोखर वाटतं. भीतीने घशाचे स्नायू आवळतात. आवळलेल्या घशातून घास उतरत नाही. न उतरलेला घास ती भीती खरी असल्याचा पुरावा होतो. हे चक्र फिरत राहतं आणि माणूस वाळत जातो. लहान आणि तरुण मुलांत बहुतेक वेळा मागे एखादी घटना असते. स्वतःला ठसका लागलेला, नाहीतर दुसऱ्या कुणाला लागलेला बघितलेला.

"तीन महिन्यांपूर्वी, म्हणजे जानेवारीत, घरात काही झालं होतं का?" मी विचारलं.

आईने पदर सारखा केला. बोलली वैष्णवी. पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं, एका दमात.

"माहा भाऊ गेला. ओम. अडीच वर्षांचा होता. बोर खाताना बी अडकली नरड्यात. म्या देल्लं होतं बोर."

आई खाली फरशीकडे बघत होती.

"मले सहा वेळा दिवस गेले मॅडम," ती म्हणाली. "हे एक अन् तो एक. मधातले चार नाही राह्यले." मग मुलीकडे न बघता म्हणाली, "हिचे पप्पा तवापासून हिच्यासंग बोलत नाही."

मी केसपेपरवर लिहिलं: भावाचा मृत्यू डोळ्यांसमोर, तीव्र अपराधभाव. केस मला स्वच्छ दिसत होती. आज वाटतं, इतक्या लवकर स्वच्छ दिसणाऱ्या केसचा संशय यायला हवा होता.

आमचे मानसोपचारतज्ज्ञ उगले सर. माझे बॉस. माणूस चांगला, पण संमोहन म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

"मॅडम, आधी हलका डोस सुरू करतो. तुमचं ते डोळे मिटवणं वगैरे करा बाजूला."

"सर, गोळी पण गिळावीच लागते."

ते म्हणाले, "सिरप देतो." मग केसपेपर परत बघितला. "तीन आठवडे घ्या. वजन एकतीसच्या खाली गेलं की मी भरती करून नाकातून नळी टाकणार. त्यात चर्चा नाही."

नळी टाकली की पोटात अन्न जातं, जीव वाचतो. पण घसा आवळलेल्या मुलीच्या घशातून नळी घालणं म्हणजे तिची भीती तिच्या अंगावर सोडण्यासारखं. मला ते टाळायचं होतं. आठवड्यातून दोनदा बोलवायचं ठरलं.

संमोहनात नेमकं काय होतं, ते सांगते. लोलक नसतो, डोळ्यांत डोळे घालून बघणं नसतं. माणूस झोपत नाही. सिनेमा बघताना आपण आजूबाजूचं विसरतो, पण कुणी हाक मारली की ओ देतो, साधारण तशी अवस्था. आम्ही श्वासावर लक्ष द्यायला सांगतो, अंग सैल सोडायला सांगतो, एखाद्या आवडत्या जागेची कल्पना करायला लावतो. याला इंडक्शन म्हणतात. त्या सैल अवस्थेत आम्ही जे सुचवतो, ते सजेशन. तुझा घसा मोकळा आहे, घास सावकाश खाली जातो आहे, असं. त्यासोबत जागेपणी खाण्याची शिडी चढायची: आधी पाणी, मग ताक, दही, रव्याची खीर, वरण-भात, शेवटी भाकरी. संमोहन एकटं काही करत नाही. ते फक्त शिडीच्या पहिल्या पायरीवर हात धरतं.

पहिल्या दिवशी वैष्णवीने डोळे मिटले, पण पापण्या थरथरत राहिल्या. दर मिनिटाला ती डोळे किलकिले करून मला बघायची. मुठी आवळलेल्या. अर्ध्या तासाने मी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आवडती जागा विचारली. मुलं बहुतेक मामाचं गाव सांगतात, नाहीतर समुद्र, टीव्हीत बघितलेला. ती म्हणाली, "गिरनी."

"कुठली गिरणी?"

"मामाची. शिरपूरले. पीठ गरम असते तिथं. अन् आवाज इतका असते की कोनाचंच काही ऐकू येत नाही."

मला फार आवडलं ते. मी गिरणीपासून सुरुवात केली. पट्ट्याचा आवाज, गव्हाचा वास, ओंजळीत गरम पीठ. तिच्या मुठी पहिल्यांदा सुटल्या. आणि मग मी हुशारी केली. वरच्या चाडीत धान्य ओतलंय, दाणे एकामागून एक खाली सरकतायत, कुठे अडत नाहीत, असं म्हणायला लागले.

ती एकदम खोकायला लागली. ओकारीचे उमाळे, चेहरा लाल. मी तिला डोळे उघडायला लावले, खिडकीशी नेलं, श्वास मोजायला लावले. ती सावरायला दहा मिनिटं गेली.

"दाने अडकले की मामा वरतून थापा मारते," ती म्हणाली. "ओमच्या पाठीवर साऱ्यांनी तशाच मारल्या."

चूक माझी होती. पेशंटने दिलेलं चित्र पेशंटचं असतं. त्यात आपल्या पदरची भर घालू नये, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

दुसऱ्या आठवड्यात वजन बत्तीस झालं. उगले सरांनी आकडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या वेळी मी काही सुरू करायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, ह्याच्यात माणूस नको ते बोलून जाते का? टीव्हीत दाखवतात तसं?"

"नाही. तुला जे सांगायचं नाही ते तू सांगणार नाहीस. तोंड तुझंच असतं. आणि इथे बोललेलं तुला विचारल्याशिवाय मी घरी कुणाला सांगणार नाही."

"अन् खोटं बोलता येते?"

"येतं की. संमोहन म्हणजे काही खोटं पकडायचं मशीन नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. त्या दिवशी पापण्या थरथरल्या नाहीत. मी चाडीचं नाव काढलं नाही, फक्त गरम पिठावर थांबले. पिठाची ऊब हातातून दंडात, दंडातून मानेत, मानेतून घशात. उठल्यावर ती अर्धी वाटी ताक प्यायली. न थांबता. बाहेर येऊन आईला रिकामी वाटी दाखवली. आईने वाटी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि रडायला लागली. मी समजले की आनंदाने रडते.

चौथ्या वेळी वैष्णवी आत आली, तिने स्वतःच दार लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाली, "बोर म्या नव्हतं देल्लं."

मी तिला बसवलं. तिने सांगितलं ते असं. बोरं तिनेच आणली होती, कॉलेजातून येताना, ओढणीत बांधून. ती पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. ओम रडत होता. मम्मी भाकरी करत होती. तो गप्प बसावा म्हणून मम्मीने त्यातलं एक बोर त्याच्या हातात दिलं. पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. शेजारी धावले, कुणी पाठीवर मारलं, कुणी उलटं धरलं, कुणीतरी मोटरसायकल काढली. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच तो गेला होता.

"मंग साऱ्यांनी विचारलं, बोर कोनं देल्लं, बोर कोनं देल्लं. मम्मीचे डोये असे झाले होते मॅडम. ती नेहमी म्हने, ओमले काही झालं तर मी विहिरीत जाईन. मले वाटलं, आता हे जाते. म्हनून म्या म्हटलं, म्या देल्लं."

"आणि मम्मी?"

"काहीच नाही बोलली. तवाही नाही अन् नंतरही नाही." ती नखाने खुर्चीच्या हातावरचा रंग खरवडत होती. "इतक्या लोकांले सांगितलं ना, की आता मलेही वाटते, म्याच देल्लं. रात्री त्याचं तोंड दिसते तर त्यात माहाच हात दिसते."

मी तिला पाणी दिलं. तिने ते घोट घोट पिऊन संपवलं, आणि पिताना खुर्ची धरली नाही.

"मी मम्मीशी बोलू का?"

"नाही! तुमी म्हटलं होतं, मले विचारल्याशिवाय घरी सांगनार नाही."

म्हटलं तर होतं. मी उगले सरांकडे गेले. नेमकी गोष्ट सांगितली, सल्ला विचारला.

"जिवाला धोका आहे का?" सर म्हणाले.

"मुलीच्या? आता नाही. ती खायला लागलीय."

"मग तिचं गुपित तिचं. तिला तयार करा, तिनेच सांगू दे. आपण पोस्टमन नाही."

मलाही ते पटलं. नियमाने ते बरोबरच होतं. फक्त मुलीच्या जिवाचं विचारून आम्ही दोघं थांबलो, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढे वैष्णवी भराभर चढली. खीर, मग मऊ वरण-भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. संमोहनाचं एक छोटं रूप मी तिला घरी करायला शिकवलं: जेवायच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटायचे, गिरणीत जाऊन यायचं. वजन चौतीस, मग छत्तीस. नळीचा विषय संपला. उगले सरांनी एकदा स्वतः येऊन विचारलं, "ते गिरणीचं काय करता तुम्ही?" त्यांच्या बाजूने ही मोठीच शाबासकी होती.

मे महिन्यात ती माझ्यासमोर बसून भाकरी आणि आलूची सुकी भाजी जेवली. अख्खी भाकरी. पंचवीस मिनिटं लागली. एकदा ठसका लागला, मी दचकले, ती नाही. पाणी प्यायली आणि पुढचा घास घेतला.

मी आईला आत बोलावलं. तिने रिकामा डबा बघितला. मग मुलीला म्हणाली, "तू बाहेर बस जरा."

वैष्णवी गेली.

"मॅडम, तिनं तुमाले काही सांगितलं का?"

"ताई, इथे जे बोलणं होतं ते मी कुणालाच सांगू शकत नाही. तुम्ही काही बोललात तर तेही नाही सांगणार."

आज मला दिसतं, ते उत्तर म्हणजे होकारच होता. सांगण्यासारखं काही नसतं, तर मी सरळ 'नाही' म्हणाले असते. ती डब्याचं झाकण लावत राहिली. झाकण बसत नव्हतं. मी तिला बसा म्हणाले नाही. बाहेर पुढचे तीन पेशंट थांबले होते आणि माझी केस बरी झाली होती. "पंधरा दिवसांनी दाखवायला या," एवढंच मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी वैष्णवी आली, ती वडिलांसोबत. संतोष त्यांचं नाव. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, रापलेला माणूस. बसा म्हटलं तरी बराच वेळ उभे होते.

"हिच्या मायनं सांगितलं मले," ते म्हणाले. "सारं."

जेवताना झालं होतं. वैष्णवीने दुसरी भाकरी मागितली. चार-पाच महिने मुलीशी अक्षर न बोललेला बाप तेव्हा बोलला. म्हणाला, "खाय आता. तुले काय." सुनीताने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "तिनं नाही, म्या देल्लं बोर. तिनं माह्यासाठी आपल्यावर घेतलं." मग उठून भांडी घासायला गेली.

"अन् तवापासून जेवत नाही ते. दोन घोट चहा घेते. हे पोरगी ताट घेऊन तिच्यापाशी बसते, भरवाले जाते, तर तोंड फिरवते." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "मॅडम, मी पोरीसंग नाही बोललो, ते चुकलं माह्यं. आता बायकोसंग बोलाले जातो, तर तोंडातून शब्द येत नाही. राग नाही हो. कसम से, राग नाही. पन काय बोलू? मले काही सुचतच नाही."

"त्यांना घेऊन या," मी म्हणाले. "उद्याच. जमलं तर आजच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आणलं. नणंदेच्या खांद्यावर रेलून आली. वजन करताना काट्यावर उभं राहवेना.

वैष्णवीने मला बाजूला घेतलं. "मॅडम, तिले पन गिरनीत न्या ना. मले नेलं तसं."

तिला समजावून सांगायला मला जड गेलं. गिळता येत नाही आणि गिळायचं नाही, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिलीत घसा भितो. दुसरीत माणसाला जगायचंच नसतं. पहिलीवर माझ्याकडे काहीतरी होतं. दुसरीवर सजेशन चालत नाही. तिथे औषध लागतं, भरती लागते, चोवीस तास जवळ माणूस लागतं.

उगले सरांनी सुनीताला भरती केलं. सलाईन लावलं, औषध सुरू केलं. मी रोज वॉर्डात जाऊन बसायचे. चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली.

"तुमाले माहीत होतं."

"हो."

"मंग मले काहून नाही विचारलं? मी रोज तुमच्या दाराशी बसून राहत होती."

नियम होता, हे खरं. पण नियमाने मला मुलीचं गुपित फोडायला मनाई केली होती. आईला, तुम्ही झोपता का, जेवता का, मुलगा गेल्यावर तुमचं काय चाललंय, हे विचारायला मनाई केली नव्हती. मूल तिचं गेलं होतं. दहाएक वेळा ती माझ्या दारात आली आणि दर वेळी मी तिला वैष्णवीचं वजन विचारलं.

सतरा दिवसांनी तिला घरी सोडलं. औषध अजून चालू आहे. ती थोडं जेवते, शेतात जाते, विचारलं तेवढं बोलते. संतोष तिला दर महिन्याला गोळ्यांसाठी घेऊन येतात. दोघं एकाच बाकावर बसतात, मध्ये पिशवी ठेवून. मागच्या महिन्यात ते तिला म्हणाले, "उन्हात नको बसू, इकडे सरक." ती सरकली. एवढंच.

वैष्णवीची अकरावी बुडाली. आता ती सायन्स सोडून गावाजवळच आर्ट्सला आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "घरी मम्मीपाशी कोनी पायजे." मग म्हणाली, "मॅडम, मी बरी झालीच नसती, तर मम्मी बोलली नसती. अशी नसती झाली."

मी तिला सांगितलं की तसं नाही, आईचा आजार आधीपासून होता, तो फक्त उघडा पडला. दोनदा सांगितलं. ती मान हलवून ऐकत राहिली. मोठ्यांचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. पटलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तिच्या फाइलवर मी शेवटची नोंद केली: गिळण्याची तक्रार नाही, वजन एकेचाळीस किलो, केस बंद. त्यात एकही शब्द खोटा नाही. उगले सरांनी ती फाइल दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांना संमोहनाची यशस्वी केस म्हणून दाखवली, तेव्हा मी काही बोलले नाही.

आता कुणी मूल घेऊन आलं, की मी आधी त्याला घेऊन येणाऱ्याला विचारते, "तुम्ही जेवलात का? झोप लागते का?" बहुतेक जण म्हणतात, "आमाले काय झालं? आमचं ठीक आहे." मी तरीही त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायला लावते. खिडकीवरचा क्लार्क कुरकुरतो. एका पेशंटमागे दोन कागद कशाला, म्हणतो. कुरकुरू दे.